जवळ आहे, पण धरलंय का?

बाळा, हिमोग्लोबिनवर काम घेतलंस हे कळलं आणि फार बरं वाटलं. प्रथिनाच्या रचनेत कोणता रेसिड्यू कोणाला टेकलेला आहे हे शोधणं वरून सोपं दिसतं. फाईल उतरवायची, अणूंमधली अंतरं मोजायची, ठरलेल्या मर्यादेच्या आतल्या जोड्या बाजूला काढायच्या. चहाला उकळी येण्याआधी संगणक यादी हातात ठेवतो. पण त्या यादीतली प्रत्येक ओळ हा एक दावा असतो आणि दाव्याखाली नाव तुझं असतं. यंत्राला अंतर कळतं, संपर्क कळत नाही. तो आपण ठरवायचा. म्हणून हे थोडं सांगते. एका बैठकीत पाठ करू नकोस, हाताशी ठेव आणि अडलं की बघ.

१. फाईल मिळाली की आधी मोजू नकोस, वाच — रचना क्ष-किरणांनी मिळाली की एनएमआरने की क्रायो-ईएमने, रिझोल्यूशन किती, कोणता भाग दिसलाच नाही, हे सगळं सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. ज्यानं मथळा वाचला, त्याचा महिना वाचला.

२. सुरुवात प्रोटीन डेटा बँकेतल्या (पीडीबी) २एचएचबी आणि १एचएचओ या रचनांच्या जोडीपासून कर — पहिलीत प्राणवायू सोडलेलं मानवी हिमोग्लोबिन आहे, १.७४ अँगस्ट्रॉमवर, दुसरीत प्राणवायू धरलेलं, २.१ वर. दोन्ही १९८० च्या दशकातल्या आहेत. जुन्या म्हणून नाक मुरडू नकोस, काम चोख आहे.

३. दुसरं काही मोजण्याआधी साखळ्या मोज — हिमोग्लोबिनमध्ये १४१ रेसिड्यूंच्या दोन अल्फा आणि १४६ रेसिड्यूंच्या दोन बीटा अशा चार हव्यात, पण १एचएचओच्या मूळ फाईलमध्ये एक अल्फा आणि एक बीटा एवढंच मिळतं. यात कोणाची चूक नाही. उरलेला अर्धा भाग स्फटिकाच्या सममितीवरून काढता येतो, म्हणून तो लिहिलेला नसतो. मात्र अल्फा आणि बीटा यांच्यात दोन वेगवेगळ्या प्रकारचे सांधे असतात आणि अर्ध्या रेणूत त्यांपैकी एकच भेटतो. तशीच तुलना केलीस तर प्राणवायू आला की निम्मे संपर्क तुटतात असा साफ खोटा निष्कर्ष निघेल, आणि आलेख इतका देखणा दिसेल की कोणाला शंकाही येणार नाही.

४. म्हणून 'बायोलॉजिकल असेंब्ली' मागून घे, आणि ती आली की साखळ्या पुन्हा मोज — जुन्या पीडीबी फॉरमॅटमध्ये सममितीनं तयार केलेली प्रत दुसरं मॉडेल म्हणून येते आणि तिच्या साखळ्यांची नावं तीच, ए आणि बी. पहिलंच मॉडेल वाचणारी स्क्रिप्ट पुन्हा अर्धाच रेणू घेऊन परतते.

५. एनएमआरच्या फाईलीत वीस मॉडेलं असली तर मात्र ती एकत्र करू नकोस, एकेक मोज — ती एकाच रेणूची पर्यायी चित्रं असतात. सगळी एकात मिसळलीस तर रेसिड्यू स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीला टेकलेला सापडेल.

६. एका साइड चेनच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन जागा नोंदवलेल्या असतील तर कोणती घेतलीस ते लिहून ठेव, आणि दोन्ही घेतल्यास तर 'ए'ला 'ए'शीच जुळव — तो रेसिड्यू काही रेणूंत इकडे आणि काही रेणूंत तिकडे असतो. दोन्हीकडे एकाच वेळी कधीच नसतो.

७. न दिसलेल्या रेसिड्यूंची यादी वेगळी काढ — जो दिसला नाही त्याचे संपर्क शून्य नसतात, अज्ञात असतात. तक्त्यात त्या घरात शून्य भरू नकोस, ते रिकामं सोड.

८. 'एचईटीएटीएम'च्या ओळी सरसकट गाळू नकोस — हीम त्याच ओळींत असतो, आणि तो गेला की लोहाला धरणारे अल्फातला ८७ वा आणि बीटातला ९२ वा हिस्टिडीन रिकाम्या जागेकडे तोंड करून बसलेले दिसतात. सेलेनोमेथिओनीनही तिथंच लिहितात. तो गाळलास की साखळीला मध्येच भोक पडतं.

९. पीडीबी फाईलच्या ओळी मोकळ्या जागेवर तोडू नकोस — त्या ठरावीक रकान्यांच्या असतात आणि आकडा मोठा झाला की शेजारचे दोन रकाने चिकटतात. बायोपायथॉनसारखं तयार साधन वापर, आणि जमेल तिथं एमएमसीआयएफच उतरव. फार मोठ्या रचना नाही तरी त्यातच मिळतात.

आता क्रमांकांचं. हे जरा नीट ऐक, कारण बाकी चुका आरडाओरडा करतात, क्रमांकाची चूक मुकाट्यानं बसून राहते.

१०. क्रमांक चुकला, निष्कर्ष हुकला — सिकल सेलचा बदल प्रथिनांच्या साहित्यात बीटा साखळीच्या ६ व्या जागी असतो आणि जनुकतपासणीच्या अहवालात ७ व्या. दोन्ही बरोबर आहेत. पेशी साखळी विणायला सुरुवात करते ती मेथिओनीनपासून, पुढे तो कापला जातो. हिमोग्लोबिनवाल्यांनी पहिल्यापासून त्याला मोजलं नाही, जनुकवाले आणि युनिप्रॉट मोजतात. दोन ठिकाणची माहिती न बघता जोडलीस तर अख्खा तक्ता एका घरानं सरकतो, आणि प्रोग्राम मात्र कुरकुर न करता शेवटपर्यंत धावतो.

११. म्हणून क्रमांकाबरोबर रेसिड्यूचं नावही तपास — स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एक अट घाल: बीटा ९२ हा हिस्टिडीन नसेल तर पुढे जाऊ नकोस. एवढी एक ओळ पुष्कळ संध्याकाळी वाचवते.

१२. एमएमसीआयएफमध्ये साखळी आणि रेसिड्यूची दोन-दोन नावं असतात, एक रचना देणाऱ्या शास्त्रज्ञांचं आणि एक डेटा बँकेचं. कोणतं धरलंस ते ठरव आणि शेवटपर्यंत बदलू नकोस — लेखात छापलेले क्रमांक जवळजवळ नेहमी शास्त्रज्ञांचे असतात, पण काही साधनं मुकाट्यानं दुसरे देतात.

१३. क्रमांकाला चिकटलेलं अक्षर टाकून देऊ नकोस — थ्रॉम्बिनमध्ये ६० नंतर ६०ए पासून ६०आय पर्यंत नऊ रेसिड्यू आहेत, कारण क्रमांक कायमोट्रिप्सिनशी जुळते ठेवले आहेत. अक्षर गेलं की दहा वेगवेगळे रेसिड्यू एकाच नावाखाली कोंबले जातात.

इतकं झालं की मगच मोजपट्टी काढ.

१४. संपर्काची व्याख्या वहीच्या पहिल्या ओळीत लिही — बीटा कार्बनांमध्ये ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी अंतर ही एक चालू व्याख्या, हायड्रोजन सोडून कोणतेही दोन अणू ४.५ च्या आत ही दुसरी. पहिली रचनेच्या एकूण घडीसाठी बरी, दुसरी कोण कोणाला खरंच टेकलंय यासाठी. दोन्हींतून निघालेल्या याद्या एकमेकींशी ताडून बघता येत नाहीत.

१५. ग्लायसीनला बीटा कार्बन नसतो, तिथं अल्फा कार्बन घे, आणि तसं लिही — नाहीतर काही साधनं ग्लायसीन चूपचाप वगळतात, आणि साखळीची नेमकी वळणंच यादीतून नाहीशी होतात.

१६. साखळीतले शेजारी मोजणीतून काढ — लागोपाठचे दोन अल्फा कार्बन ३.८ अँगस्ट्रॉमवर असणारच आणि हेलिक्समध्ये चौथा रेसिड्यू पहिल्याच्या जवळ येणारच. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घडीबद्दल बोलायचं असेल तर साखळीत २४ किंवा त्याहून अधिक घरं दूर असलेल्या जोड्यांकडे बघ. इतक्या लांबून जे भेटायला येतात, त्यांनीच रेणूला आकार दिलेला असतो.

१७. मर्यादा एकच लावून थांबू नकोस; ४, ४.५ आणि ५ अशा तीन लावून बघ — निष्कर्ष तिन्हींत टिकला तर तो प्रथिनाचा, एकातच दिसला तर तो मर्यादेचा.

१८. अंतर दोन दशांशांपर्यंत छापायचा मोह आवर — दोन अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या रचनेत अणूची जागाच दोन-तीन दशांश अँगस्ट्रॉम इकडे-तिकडे असू शकते. ३.४९ आत आणि ३.५२ बाहेर, असा न्याय करू नये.

१९. सगळ्या जोड्या एकेक करून तपासायला लावू नकोस — हिमोग्लोबिनच्या ५७४ रेसिड्यूंच्या जोड्याच १ लाख ६४ हजारांवर जातात, अणूंच्या तर कोटीच्या घरात. बायोपायथॉनमधला नेबरसर्च किंवा सायपायमधली केडी-ट्री हेच काम क्षणात करते. वाचलेला वेळ रचना डोळ्यांनी बघण्यात घाल.

२०. मोठ्या रेसिड्यूचे संपर्क जास्त म्हणून त्याचं महत्त्व जास्त समजू नकोस — आर्जिनीनला अणूच इतके की त्याचा कोणालातरी स्पर्श होतोच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सरस्वती विश्वेश्वर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रथिनाकडे जाळं म्हणून पाहताना यावर चांगली तोड वापरली: ४.५ अँगस्ट्रॉमच्या आतल्या अणुजोड्यांची संख्या घ्यायची, दोन्ही रेसिड्यूंच्या आकारानुसार ठरवलेल्या आकड्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळानं भागायची, शंभरानं गुणायची. मग लहानखुऱ्या ॲलनीनचा घट्ट संपर्कही नजरेत भरतो. मला ही रीत फार आवडते, कारण ती कोणावर अन्याय करत नाही.

२१. फार जवळच्या अणूंवर खूष होऊ नकोस — तो मजबूत संपर्क नसून बहुधा बांधणीतली चूक असते. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये जो नकाशा मांडला, तो याच प्रश्नावर उभा आहे की दोन अणू जास्तीत जास्त किती जवळ येऊ शकतात. दोन कार्बनांसाठी त्यांनी साधारण मर्यादा ३.२ आणि टोकाची ३.० अँगस्ट्रॉम धरली. तुझ्या रोजच्या पाहण्यातला रामचंद्रन आलेख संपर्कांच्या अभ्यासातूनच जन्मला, हे विसरू नकोस. मोलप्रॉबिटी या तपासणीच्या साधनात अणू ०.४ अँगस्ट्रॉम किंवा अधिक एकमेकांत घुसलेले दिसले तर ती जोडी यादीतून काढून तपासणीच्या यादीत टाक.

२२. हायड्रोजन बंध नुसत्या अंतरावर ठरवू नकोस, कोनही बघ — नायट्रोजन आणि ऑक्सिजन ३.५ च्या आत असूनही हायड्रोजन भलत्याच दिशेला असेल तर बंध नसतो. कण्यातल्या बंधांसाठी काब्श आणि सँडर यांची १९८३ पासून चालत आलेली डीएसएसपी वापर. ती ऊर्जेवरून ठरवते, उणे ०.५ किलोकॅलरी प्रति मोल ही तिची रेघ.

२३. अस्पॅराजीन, ग्लुटामाइन आणि हिस्टिडीन यांची टोकं उलटी तर बसवलेली नाहीत ना, हे तपासल्याशिवाय त्यांच्या बंधांवर बोलू नकोस — क्ष-किरणांच्या चित्रात कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळपास सारखेच दिसतात, म्हणून रचना बांधणाऱ्याला अंदाजानं ठरवावं लागतं. रिड्यूस हे साधन हायड्रोजन घालताना ही टोकं शेजाऱ्यांकडे बघून सरळ करतं. ऑक्सिजनसमोर ऑक्सिजन आलेला दिसला की समज, कुठंतरी टोक फिरलं आहे.

२४. सॉल्ट ब्रिजसाठी अस्पार्टेट किंवा ग्लुटामेटचा ऑक्सिजन आणि लायसीन किंवा आर्जिनीनचा नायट्रोजन ४ अँगस्ट्रॉमच्या आत, एवढं धर. हिस्टिडीन आला तर थांब — त्याच्यावर भार आहे की नाही हे आम्लतेवर अवलंबून असतं. प्राणवायू नसताना बीटा १४६ हिस्टिडीन त्याच साखळीतल्या ९४ व्या अस्पार्टेटला धरतो, आणि आम्लता वाढली की हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडतं त्यात या पकडीचा मोठा वाटा आहे.

२५. पाण्याचे रेणू लगेच पुसू नकोस — दोन रेसिड्यू एकमेकांना न टेकता मधल्या पाण्याला धरून असतात. असे संपर्क वेगळ्या रकान्यात ठेव, थेट संपर्कांत मिसळू नकोस.

२६. बी-फॅक्टर यादीत प्रत्येक जोडीशेजारी छाप — पृष्ठभागावरचं लायसीन लांब आणि चंचल असतं. त्याची जागा शंकास्पद असेल तर त्याचा संपर्कही शंकास्पद. महत्त्वाच्या चार जोड्यांसाठी तरी इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा उघड आणि डेटा बँकेचा तपासणी अहवाल वाच.

२७. अल्फाफोल्डच्या फाईलीत त्याच रकान्याचा अर्थ उलटा असतो — तिथं बी-फॅक्टरच्या जागी पीएलडीडीटी हा विश्वासाचा आकडा लिहितात, ० ते १००, आणि तो जितका मोठा तितकं चांगलं. बी-फॅक्टरची चाळणी तशीच लावलीस तर भरवशाचा भाग फेकला जातो आणि ५० च्या खालचा लोंबता भाग शिल्लक राहतो. शिवाय तिथली बीटा साखळी एकटी असते, हीमशिवाय. सांध्याचे प्रश्न तिला विचारू नयेत.

२८. सिम्युलेशनमधले संपर्क मोजताना आधी रेणू पेटीच्या कडेनं तुटलेला नाही ना ते बघ, मग संपर्क किती टक्के वेळ टिकला ते सांग — एका क्षणाचं चित्र दाखवून 'हे दोघे टेकतात' म्हणणं पुरेसं नाही.

आता यादी तयार झाली असेल. बहुतेक जण इथंच उठतात. तू बस. एक म्हण लक्षात ठेव: एस.टी.त खांद्याला खांदा लागला म्हणून सोयरीक होत नाही. दोन रेसिड्यू शेजारी आहेत एवढ्यानं ते एकमेकांना धरून आहेत असं ठरत नाही. ते ठरवायला तुलना लागते.

२९. एका रचनेच्या यादीपेक्षा दोन रचनांतला फरक मोलाचा मान — आणि त्यासाठी रचना एकमेकींवर बसवाव्याही लागत नाहीत, कारण आतली अंतरं रेणू कसा फिरवला यावर अवलंबून नसतात. जोड्यांची नावं जुळव, दोन्हींत असलेल्या वजा कर, उरेल ते वाच.

३०. हिमोग्लोबिनमध्ये हे करून बघ — मॅक्स पेरुत्झ यांनी ज्या रेणूला आयुष्य दिलं आणि १९६२ चं नोबेल मिळवलं, त्याचं मर्म फरकाच्या त्या छोट्या यादीत येतं. प्राणवायू आला की रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरतो. अल्फा-१ बीटा-१ हा सांधा जवळजवळ तसाच राहतो, अल्फा-१ बीटा-२ या सांध्यात मात्र जोड्या बदलतात. प्राणवायू नसताना अल्फा ४२ टायरोसीन बीटा ९९ अस्पार्टेटला धरून असतो. प्राणवायू आला की ती पकड सुटते आणि अल्फा ९४ अस्पार्टेट बीटा १०२ अस्पॅराजीनला धरतो. बीटा ९७ हिस्टिडीन अल्फाच्या एका खाचेतून उठून पुढच्या खाचेत बसतो. हजारो जोड्यांतून हाती लागतात त्या या मोजक्या, आणि फुप्फुसात प्राणवायू घेऊन स्नायूत सोडायचं काम त्यांच्या अदलाबदलीवर चालतं.

३१. संपर्क खराच महत्त्वाचा आहे का, याची साक्ष माणसांत सापडलेल्या बदलांकडून घे — बीटा ९९ अस्पार्टेटच्या जागी अस्पॅराजीन आलेलं हिमोग्लोबिन केम्पसी प्राणवायूला घट्ट धरून बसतं, कारण सोडलेल्या रूपाची पकड गेली. बीटा १०२ अस्पॅराजीनच्या जागी थ्रिओनीन आलेलं हिमोग्लोबिन कॅन्सस उलट प्राणवायू सहज सोडून देतं. तुझ्या यादीनं जे म्हटलं, तेच रक्तानं म्हटलं. यापेक्षा चांगला पडताळा नाही.

३२. स्फटिकातल्या शेजारी रेणूंचे संपर्क पेशीतले म्हणून लिहू नकोस — बहुतेक ते स्फटिक जमण्यापुरतेच असतात. पिसासारखं साधन सांधा किती दबलेला आणि किती टिकाऊ आहे याचा अंदाज देतं. निर्णय तरीही तुझाच.

३३. आणि या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो तुझ्याच रेणूत — सिकल सेलच्या हिमोग्लोबिनची २एचबीएस ही २.०५ अँगस्ट्रॉमची रचना उघड. तिच्या फाईलमध्ये आठ साखळ्या आहेत, म्हणजे शेजारीशेजारी दोन पूर्ण रेणू. 'हा स्फटिकातला शेजार आहे' म्हणून दुसरा रेणू काढून टाकलास तर आजारच काढून टाकलास. एका रेणूच्या बीटा साखळीतला ६ वा व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या ८५ व्या फेनिलॲलनीन आणि ८८ व्या ल्युसीनच्या खिशात जाऊन बसतो. जवळच ४ था थ्रिओनीन समोरच्या ७३ व्या अस्पार्टेटला धरतो. अशाच जोडीनं रेणूंची दुहेरी माळ होते, सात दुहेरी माळांचा चौदा पदरी तंतू होतो, आणि तंतूंनी भरलेली लाल पेशी विळ्यासारखी वाकते. पॉलिंग यांनी १९४९ मध्ये याला रेणूचा आजार म्हटलं, इन्ग्रम यांनी १९५७ मध्ये ग्लुटामेटच्या जागी आलेला व्हॅलीन दाखवला. रचनेनं सांगितलं की तो व्हॅलीन नेमका कोणाला जाऊन टेकतो.

३४. ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही, म्हणून हात सैल सोडू नकोस — गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबारकडे किती घरांत हा आजार आहे हे तुला ठाऊक आहे. त्या घरांतल्या मुलांची दुखणी याच एका खिशापाशी सुरू होतात.

३५. कोण टेकतं याइतकंच, कोण टेकू देत नाही हेही लिही — बाळाच्या रक्तातल्या गॅमा साखळीत ८७ व्या जागी ग्लुटामाइन असतो, बीटात तिथं थ्रिओनीन. ती जागा त्या खिशाला लागूनच आहे, आणि ग्लुटामाइन आला की माळ नीट जुळत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सिकल सेलसाठी मंजूर झालेल्या दोन जनुकोपचारांपैकी एकात रुग्णाला जो बीटा जनुक देतात, त्यात ८७ व्या जागी हाच बदल केलेला आहे. संपर्कांच्या तक्त्यातली एक ओळ औषधापर्यंत पोचते, ती अशी.

३६. नवीन स्क्रिप्ट आधी माहीत असलेल्या संपर्कांवर चालव — ४२ आणि ९९ ची जोडी २एचएचबीत मिळाली पाहिजे, १एचएचओत मिळता कामा नये. जुनं सापडत नसेल तर नव्यावर विश्वास ठेवू नकोस.

३७. यादीतल्या पहिल्या वीस जोड्या पायमॉल किंवा किमेराएक्समध्ये उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघ — डोळा पाच मिनिटांत जे पकडतो ते आकडेशास्त्र महिनाभर पकडत नाही.

३८. फाईलचं नाव, आवृत्ती, उतरवल्याची तारीख, मर्यादा, साधनाची आवृत्ती हे सगळं निकालाच्याच फाईलमध्ये वर लिहून ठेव — डेटा बँकेतल्या रचना दुरुस्त होतात, साधनांची मूळ ठेवण बदलते, आणि सहा महिन्यांनी परीक्षक विचारतो तेव्हा स्मरणशक्ती कामाला येत नाही.

३९. उत्तर आवडलं तर ते आणखी एकदा तपास — नावडतं उत्तर आपण आपोआप दहादा तपासतो.

आज रात्री २एचबीएस उघड. प्रत्येक रेणूत दोन बीटा साखळ्या आहेत, म्हणजे सहाव्या जागेचे व्हॅलीनही दोन. दोन रेणूंमधल्या या सांध्यात त्यांपैकी एकच खिशात बसतो. कोणत्या साखळीतला बसला आहे आणि कोणता मोकळा आहे ते तुझं तू शोध, किती अँगस्ट्रॉमवर आहे ते एका दशांशापर्यंत लिही, आणि मग आत्याला फोन कर.